पीएच मीटरला न जुमानणारं पाणी

डी.एम. (डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षारमुक्त पाण्याच्या) प्लांटचं ताजं पाणी बीकरमध्ये घेऊन पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवला, की आकडा ठरतच नाही. आधी 6.9, मग 6.6, चहा घेऊन परत येईपर्यंत 6.1. पाणी ढवळलं की एक आकडा, ढवळणं थांबवलं की दुसरा. नवख्या केमिस्टला वाटतं, इलेक्ट्रोड गेला. पण तोच इलेक्ट्रोड 4, 7 आणि 9.2 च्या बफरमध्ये चोख उत्तर देतो.

या उपकरणाची घडण झाली ती आयनांनी भरलेल्या द्रवांमध्ये. 1909 मध्ये सोरेनसेन यांनी पीएचची कल्पना मांडली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरच्या शेजारी. काचेच्या इलेक्ट्रोडवरचं हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांचं काम त्याच वर्षीचं. पुढे 1930 च्या दशकात अर्नोल्ड बेकमन यांनी कॅलिफोर्नियात मीटर बनवला, तो लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी.

इलेक्ट्रोडच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो. बाहेरच्या हायड्रोजन आयनांनुसार त्यावर विद्युतदाब तयार होतो; 25 अंश सेल्सिअसला पीएचच्या एका अंकामागे सुमारे 59 मिलिव्होल्ट. हा दाब मोजायला परिपथ पूर्ण व्हावा लागतो. त्यासाठी संदर्भ इलेक्ट्रोडमधलं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण एका सच्छिद्र खड्यातून पाण्यात अगदी हळू झिरपत असतं. खरी मेख इथे आहे. नळाच्या पाण्यात द्रावण आणि नमुना यांचा हा सांधा बऱ्यापैकी स्थिर राहतो. अतिशुद्ध पाण्याची वाहकता मात्र सेंटिमीटरला 0.055 मायक्रोसीमेन्स, नळाच्या पाण्याच्या हजारो पट कमी. एका लिटरात हायड्रोजन आयन असतात एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाइतके. अशा पाण्यात सांध्यापाशी एक उपरा विद्युतदाब उभा राहतो आणि पाणी जरा हललं तरी बदलतो. वीस मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले, की पीएच एकतृतीयांश अंकाने चुकला. शिवाय झिरपलेलं क्लोराइड नमुनाच बदलून टाकतं.

त्यात हवेची भर. कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी 5.6 कडे घसरतं. म्हणजे मीटर अचूक असला तरी उघड्या बीकरमधलं पाणी प्लांटचं उरलेलंच नसतं. म्हणून मला बीकरमधल्या नोंदीवर विश्वास ठेवणं पटत नाही, लॉगबुकात ती कितीही नीटनेटकी दिसो. मोजायचंच असेल तर अर्थिंग केलेल्या स्टीलच्या बंद सेलमधून, संथ आणि एकसारख्या प्रवाहात मोजावं. अमेरिकन फार्माकोपियाने वेगळी वाट काढली: 100 मिलिलिटर पाण्यात 0.3 मिलिलिटर संपृक्त पोटॅशियम क्लोराइड घालून पीएच 5 ते 7 मध्ये येतो का पाहायचं. तेही वाहकतेच्या आधीच्या चाचण्यांत पाणी बसलं नाही तरच.

मला हा क्रम योग्य वाटतो. पाण्याचा विशिष्ट रोध 25 अंशांना 18.2 मेगओहम-सेंटिमीटर भरला, की त्याचा पीएच 7 खेरीज दुसरा असूच शकत नाही. आम्ल किंवा अल्कलीचा अंश असता, तर वाहकतेने तो आधीच उघड केला असता.

वीजकेंद्रात मात्र पीएच टाळता येत नाही. कोराडीच्या 660 मेगावॉटच्या संचांसारख्या सुपरक्रिटिकल बॉयलरमध्ये ड्रम नसतो, त्यामुळे साचलेली घाण ब्लोडाऊन करून काढायची सोय नाही. नळ्या गंजू नयेत म्हणून फीडवॉटरमध्ये किंचित अमोनिया सोडतात. तिथेही इलेक्ट्रोडच्या आकड्याची खातरजमा दोन कंडक्टिव्हिटी मीटरांवरून करता येते. एक थेट नमुन्यावर, दुसरा कॅटायन कॉलमनंतर. दोन्ही आकड्यांवरून पीएच गणिताने निघतो. पाण्यात अल्कली फक्त अमोनियाचीच असेल, तेवढ्यापुरतं हे गणित खरं.