मोटारीच्या रेडिएटरचा पंखा : दोषनिदान आणि बदल

विटा व आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त भारतभर पांगलेली आहेत. यात्रेस वा लग्नसराईत ती आपापल्या मोटारींतून गावी परततात. शेकडो मैलांचा प्रवास बिनतक्रार झालेला असतो; आणि गुहागर–विजापूर महामार्ग सोडून गाडी विट्याच्या बाजारपेठेत शिरली, गर्दीत दहा मिनिटे रेंगाळली, की तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे चढू लागतो. सारा मार्ग धडधाकट आलेली गाडी दारात येऊनच कशी बिघडली, असा प्रश्न मालकास पडावा हे स्वाभाविक आहे. वस्तुतः बिघाड बहुधा वाटेतच, कदाचित निघण्यापूर्वीच, झालेला असतो. धावत्या गाडीच्या वाऱ्याने तो झाकून ठेवलेला असतो, इतकेच.

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी एकतृतीयांशाच्या आसपासच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेचा मोठा हिस्सा इंजिनाभोवती खेळणारे कूलंट रेडिएटरमध्ये आणून सोडते. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वाराच ही उष्णता वाहून नेण्यास सामान्यतः पुरेसा असतो. गाडी थांबली, किंवा कुंभार्ली घाटासारख्या चढावर खालच्या गिअरमध्ये सावकाश चालली, म्हणजे वाऱ्याचे काम पंख्यावर येऊन पडते. निदानाची पहिली कसोटी यातूनच मिळते. गाडी उभी असताना तापते व धावताना निवते, तर संशय पंख्यावर घ्यावा. उलट वेगातही तापत असेल, तर रेडिएटर तुंबणे, थर्मोस्टॅट अडकणे किंवा पाण्याचा पंप निकामी होणे, अशी कारणे आधी पाहावीत.

अँबॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. पट्टा सैल झाला वा तुटला तर तो डोळ्यांना दिसे. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसविलेले असल्याने पंख्यास स्वतंत्र विजेची मोटर द्यावी लागली, आणि पुढे बहुतेक लहान गाड्यांत हीच रचना रूढ झाली. हा पंखा सतत फिरत नाही. कूलंट साधारण ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यावर सुरू होतो व काही अंश उतरल्यावर थांबतो. म्हणून पंखा थांबलेला दिसणे हा स्वतः दोष नव्हे.

पंख्याला हात घालण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड करून कूलंटची पातळी पाहावी. पातळी उतरली असेल तर तापमान मोजणारे उपकरण द्रवाऐवजी वाफेत उघडे पडते, त्यास खरे तापमान कळत नाही, आणि उत्तम स्थितीतील पंखाही चालू होत नाही. अशा वेळी नवा पंखा बसवून पैसे जातात, दोष तसाच राहतो. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. आतील दाबामुळे पाणी १०० अंशांपलीकडेही न उकळता राहिलेले असते. झाकण सुटताच ते एकदम उकळून उसळते व चेहरा भाजतो.

पातळी ठीक असल्यास इंजिन सुरू करून वातानुकूलन चालू करावे. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरू लागतो. न फिरल्यास फ्यूज पाहावा. नंतर त्याच जातीचा दुसरा रिले, उदाहरणार्थ काही गाड्यांत हॉर्नचा, अदलाबदल करून पाहावा. जोडणीच्या टोकांवर गंज वा जळल्याची खूण आहे काय, हे तपासावे. शेवटी इंजिन बंद करून, हात व कपडे पात्यांपासून दूर ठेवून, मोटरीस बॅटरीतून फ्यूज लावलेल्या वायरने थेट प्रवाह द्यावा. ती जोमाने फिरली तर दोष मोटरीत नसून तिच्या मागील वायरिंगमध्ये वा तापमान-संवेदकात आहे. ती मुळीच फिरली नाही, काठीने हलके ठोकल्यावरच फिरली, किंवा कुरकुरत मंद फिरली, तर तिचे ब्रश वा बुश झिजलेले असून ती बदलणेच इष्ट.

फ्यूज पुनःपुन्हा उडत असल्यास त्याजागी अधिक क्षमतेचा फ्यूज अथवा तांब्याची तार घालण्याची चाल सर्रास आढळते. ती घातक आहे. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. फ्यूज उडाला नाही तर वायर जळते. पंखा बटणावर ‘डायरेक्ट’ करून देण्याचा उपाय घरापर्यंत पोहोचण्यापुरता क्षम्य म्हणता येईल. कायमचा ठेवल्यास एके दिवशी बटण विसरले जाते. अति तापल्याने अॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट फुटते, आणि पंख्याच्या किमतीच्या अनेक पट खर्च इंजिनावर येतो. वाटेत काटा चढू लागलाच तर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण सोडावा. वैशाखात ही सूचना चमत्कारिक वाटेल; परंतु हीटर हाही एक छोटा रेडिएटरच होय. काटा तरीही उतरला नाही, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे.

पंखा बदलताना प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अकस्मात सुरू होतो. मग जोडणी काढून, आवरणाचे बोल्ट सोडवून, आवरणासह पंखा वर उचलावा. रेडिएटरच्या नाजूक पापुद्र्यांस धक्का लागू देऊ नये. त्यांत साचलेली धूळ व किडे याच वेळी मागील बाजूने हलक्या पाण्याने धुऊन काढता येतात. आवरण फुटले असेल तर तेही बदलावे. ते नसल्यास पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता पात्यांच्या कडेची हवाच फिरवीत बसतो.

नव्या मोटरीच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्यास पंखा उलटा फिरून वाऱ्याच्या विरुद्ध हवा ढकलतो, आणि पंखा फिरताना दिसत असल्यामुळे हा दोष ओळखण्यास कठीण जातो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर समोरील जाळीजवळ कागदाचा कपटा धरावा. तो आत ओढला गेला पाहिजे. त्यानंतर वातानुकूलन बंद ठेवून गाडी उभ्यानेच चालू ठेवावी, आणि पंखा आपोआप दोनतीन वेळा सुरू होऊन थांबेपर्यंत काट्यावर नजर ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी पुन्हा एकदा पाहावी.