बारावीनंतर लँडस्केप आर्किटेक्चर करायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की शिरूर असो की दौंड, घराघरात एकच चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग, मेडिकल, नाहीतर बीएस्सी ॲग्री. त्यात एखादी पोरगी म्हणाली की मला लँडस्केप आर्किटेक्चर करायचंय, तर घरातून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे बागकाम का गं? त्याला कॉलेज कशाला पाहिजे?"

तर, हे बागकाम नाही. आणि या विषयाची पदवी बारावीनंतर थेट घेता येते का, याचं उत्तरही वाटतं तितकं सरळ नाही.

हे लोक नेमकं करतात काय?

आर्किटेक्ट इमारत बघतो, तर लँडस्केप आर्किटेक्ट इमारतीबाहेरची जमीन बघतो. उतार कुठं आहे, पाणी कुठून येतं, कुठं मुरतं, माती कसली आहे, माणसं कुठून चालतात आणि सावली कुठं लागते, हे सगळं त्यात येतं. झाडं हा त्यातला फक्त एक भाग.

समजा, रांजणगाव एमआयडीसीत एक एकराचा प्लॉट आहे. त्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण 40 हजार लिटर पाणी झालं. म्हणजे 10 हजार लिटरचे चार टँकर. जमीन मोकळी असेल तर त्यातलं बरंचसं पाणी मुरतं. सगळीकडं काँक्रीट केलं तर जवळपास सगळंच वाहून जातं, आणि उन्हाळ्यात तेच टँकर विकत आणावे लागतात. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात, त्यामुळं इथं हा हिशोब महत्त्वाचा ठरतो. काँक्रीट कुठं थांबवायचं आणि चर कुठं काढायचा, हे ठरवणं लँडस्केप आर्किटेक्टचं काम.

कधीकधी तर झाड न लावणं हाच योग्य निर्णय असतो. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम 5 चौरस किलोमीटर, पण ते चिंकारा हरणांसाठी ओळखलं जातं. चिंकारा राहतं ते गवताळ माळरानावर. बाहेरच्या माणसाला हे माळरान पडीक वाटतं, आणि तिथं दाट झाडं लावली की गवत जातं. जमिनीला काय हवंय हे ओळखायलाही शिकावं लागतं.

नदीचंही तसंच आहे. पुण्यातून वाहणारी मुळा-मुठा शिरूर आणि दौंडच्या हद्दीवर, रांजणगाव सांडस-पारगाव परिसरात भीमेला मिळते. पुण्यात नदीकाठाचं जे काही केलं जातं, त्याचा परिणाम खालच्या या गावांपर्यंत पोहोचतो. त्यामुळं हा विषय फक्त शहरातल्या सोसायट्यांचा नाही.

मग पदवी कुठली घ्यायची?

अमेरिकेत लँडस्केप आर्किटेक्चरची पदवी बारावीनंतर थेट घेता येते. हार्वर्डमध्ये हा अभ्यासक्रम 1900 साली सुरू झाला. भारतात मात्र हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. त्यामुळं बारावीनंतर प्रामुख्यानं दोन रस्ते उरतात.

पहिला रस्ता बी. आर्क.चा. ही पाच वर्षांची पदवी. त्यासाठी बारावीला गणित लागतं आणि नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. त्यानंतर दोन वर्षांचं एम. आर्क. लँडस्केप. पुण्यात कर्वेनगरच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या या कॉलेजात बी. आर्क. फक्त मुलींसाठी आहे. दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादचं सेप्ट ही या विषयातली आणखी दोन मोठी नावं.

दुसरा रस्ता बीएस्सी हॉर्टिकल्चरचा, म्हणजे उद्यानविद्येचा. ही चार वर्षांची पदवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं उद्यानविद्या महाविद्यालय पुण्यातच आहे. यात फुलशेती आणि लँडस्केपिंग शिकवतात, आणि पुढं त्यातच एमएस्सी करता येते.

खरी मेख इथं आहे. एम. आर्क.ला साधारणपणे बी. आर्क. झालेलं असावं लागतं. उद्यानविद्येची पदवी घेऊन 'आता एम. आर्क. करू' असं ठरवलं, तर बहुतेक ठिकाणी दार बंद असतं. हे चार वर्षांनी कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

कायदा काय म्हणतो?

1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. पण याच कायद्याच्या कलम 37 मध्ये 'लँडस्केप आर्किटेक्ट'ला यातून वगळलंय. म्हणजे ही पाटी लावायला कौन्सिलची नोंदणी लागत नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण याचा अर्थ उलटा निघतो. पाटी कुणीही लावू शकतो म्हटल्यावर काम देणारा माणूस तुमची पदवी आणि आधी केलेली कामं बघणार. आणि बी. आर्क. झालेलं असेल तर आर्किटेक्ट म्हणून नोंदणीही मिळते, म्हणजे लँडस्केपचं काम कमी असलं तरी हातात दुसरा व्यवसाय राहतो.

आता करायचं काय?

दहावी झालेली असेल तर अकरावीला गणित सोडू नका. एवढ्या एका निर्णयानं बी. आर्क.चा रस्ता उघडा राहतो. एखादं कॉलेज थेट लँडस्केपची पदवी देत असेल, तर प्रवेशाआधी दोन प्रश्न लेखी विचारा. या पदवीवर पुढं एम. आर्क. करता येईल का? आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी मिळेल का? बी. आर्क. पाच वर्षं चालतं, त्यामुळं फी, पुण्यात राहायचा खर्च आणि मॉडेल-ड्रॉइंगचं साहित्य यांचा हिशोबही घरी बसून आधीच मांडा.

आणि पोरीला पाणी, माती, झाडं यांच्यात जास्त रस असेल, गणित आणि ड्रॉइंग नको असेल, तर उद्यानविद्या ही कमी दर्जाची निवड नाही. फक्त ती वाट वेगळ्या ठिकाणी जाते, हे माहीत असू द्या.