बाजाराची लांबणारी वाट

गुरुत्वाकर्षणाचा खाक्या सावकाराचा: जिथे साठा जास्त, तिथेच आणखी जमा. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना प्रारणाच्या तापमानात जेमतेम लाखात एक एवढाच चढउतार होता. त्याच्याशी निगडित असलेल्या घनतेतील किंचित फरकांतून पुढे दीर्घिका आणि त्यांचे समूह उभे राहिले.

विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा हे जमाव मोडत नाही, नवे सहजी जमू देत नाही. वसमतच्या बाजाराला हळद घेऊन निघालेल्या गाडीखालचा रस्ताच गाडीच्या वेगापेक्षा भराभर लांबावा, तसा हा प्रकार. बाजारात पोचलेल्यांना धक्का लागत नाही, म्हणून सूर्यमाला आणि आकाशगंगा शाबूत आहेत. अडचण वाटेत असलेल्यांची. द्रव्याचे वर्चस्व होते तोवर विश्व दुप्पट झाले की घनतेतील तफावतही दुप्पट होई. गेली पाच-सहा अब्ज वर्षे प्रसरणाचा वेग वाढतो आहे आणि ही वाढ मंदावली आहे. केवळ द्रव्याच्या विश्वात ती जितकी झाली असती, त्यापेक्षा आज पाचव्या हिश्शाहून किंचित जास्तच कमी भरते.

या संदर्भात पुण्याच्या आयुका आणि आयसरमधील संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ महासमूह विलक्षण ठरतो. अंतर ४ अब्ज प्रकाशवर्षे, पसारा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे, वस्तुमान २ कोटी अब्ज सूर्यांइतके! कृष्ण ऊर्जेचा जोर वाढत असतानाच्या काळातले हे दृश्य आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा (केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३, खर्च २,६०० कोटी रुपये) कृष्ण ऊर्जा ‘पकडणार’, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे. तिच्या ४ किलोमीटरच्या भुजा गुरुत्वीय लहरी टिपतील. लहरीच्या आकारातून स्रोताचे अंतर थेट निघते, ही बर्नार्ड शुट्झ यांची १९८६ची कल्पना. गोंगाटातून अशी लहर वेचण्याच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत आयुकाचे संजीव धुरंधर होते. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबतचा त्यांचा १९९१चा शोधनिबंध लहरी प्रत्यक्ष सापडण्याच्या चोवीस वर्षे आधीचा.

अंतरासोबत स्रोताची दीर्घिका ओळखता आली, तर प्रसरणाचा वेग मिळतो. १७ ऑगस्ट २०१७च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून तो मेगापार्सेकमागे सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर आला. औंढ्याची वेधशाळा अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांपासून दूर असल्याने स्रोताची दिशा अधिक नेमकी कळेल. रचनांची वाढ मात्र मुख्यतः दीर्घिकांच्या सर्वेक्षणांतून मोजावी लागते. प्रसरण एक सांगत असेल आणि वाढ दुसरेच, तर संशय कृष्ण ऊर्जेवर नव्हे, गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरच जाईल.