सायकलचा डायनॅमो व क्षेत्रपाहणीतील ध्वनिमुद्रक

बोलींच्या क्षेत्रपाहणीत ध्वनिमुद्रक ऐन वेळी बंद पडण्याचे नित्याचे कारण म्हणजे संपलेले घट. निहालीसारख्या अवघ्या काही हजार भाषकांच्या भाषेत एखाद्या वृद्ध निवेदकाने सांगितलेली कथा दुसऱ्या दिवशी त्याच शब्दांत पुन्हा मिळत नाही. म्हणून विजेचा पुरवठा हा अभ्यासकाच्या केवळ सोयीचा प्रश्न नव्हे; तो सामग्रीचाच प्रश्न होय. जेथे वीज वारंवार खंडित होते आणि गावोगाव सायकलने हिंडावे लागते, तेथे चाकावरचा डायनॅमो उपयोगी पडू शकतो. मात्र त्याचा स्वभाव ओळखल्यावाचून त्याला यंत्र जोडणे धोक्याचे आहे.

प्रथम नावाविषयी. ग्रीक भाषेतील शक्तिवाचक शब्दावरून वेर्नर सीमेन्स याने १८६७ मध्ये आपल्या जनित्राला हे नाव दिले. त्या जनित्रात चिरचुंबकाऐवजी विद्युत् चुंबक होते आणि प्रवाह एकाच दिशेने बाहेर पडे. सायकलच्या यंत्रात ह्यांपैकी एकही गोष्ट नाही. तेथे वेटोळ्याजवळ चिरचुंबक फिरतो व दिशा पालटणारा, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाह निर्माण होतो. शब्द टिकला, अर्थ सरकला. असे अर्थांतर भाषाभ्यासकास नवे नाही. येथे मात्र जुन्या अर्थावर विसंबणारा आपले यंत्र गमावून बसतो.

टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो सर्वांच्या परिचयाचा आहे. चाकाच्या तुंब्यातच बसविलेला प्रकार स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये बाजारात आणला. त्यात घर्षण नसल्याने श्रम कमी पडतात. दोहोंचे रूढ मान ६ व्होल्ट व ३ वॅट, म्हणजे अर्धा अँपिअर, असे आहे.

ह्या मानातील व्होल्टांचा आकडा फसवा आहे. वेग वाढला की वेटोळ्यातील विद्युत् दाब त्याच प्रमाणात वाढतो. पण प्रवाहाची दिशाही अधिक जलद पालटू लागते आणि अशा जलद पालटास वेटोळे स्वतःच त्याच प्रमाणात विरोध करते. परिणामी, पुरेशा वेगानंतर प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास खिळून राहतो. तात्पर्य, डायनॅमो स्थिर दाब देत नाही. तो जवळजवळ स्थिर प्रवाह देतो. प्रवाह घेणारे काहीच जोडलेले नसेल, तर उतारावर हाच दाब वीस-तीस व्होल्टांच्याही पलीकडे जातो. फोन पूर्ण भरून प्रवाह घेईनासा होतो, तेव्हा नेमके हेच घडते.

म्हणून डायनॅमो आणि फोन ह्यांच्यामध्ये तीन गोष्टी अवश्य हव्यात: प्रवाह एकदिश करणारा चार डायोडांचा पूल, त्यातील चढउतार सावरणारे धारित्र आणि दाब पाच व्होल्टांवर रोखणारा नियंत्रक. हा नियंत्रक उतारावरील वाढीव दाबही सोसणारा असला पाहिजे. सायकल हाती धरून चालताना दाब अपुरा पडतो व फोनचे भरणे वारंवार तुटते; मध्ये एक छोटी साठवण बॅटरी ठेवल्यास ती अडचण दूर होते.

आता हिशेब. ३.८ व्होल्ट व ४००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या फोनमध्ये सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. यूएसबीच्या जुन्या मानाप्रमाणे अडीच वॅट मिळाले, तरी तो भरण्यास सात-आठ तास, म्हणजे ताशी १५ किलोमीटर वेगाने शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास लागेल. नोकिया कंपनीने २०१० मध्ये नैरोबीत अशाच प्रकारचा संच जाहीर केला, तेव्हाच्या साध्या फोनची भूक फारच थोडी होती. आजच्या फोनबाबत ती अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

दोन पेन्सिल-घटांवर चालणाऱ्या ध्वनिमुद्रकाची गोष्ट वेगळी. २००० मिलिअँपिअर-तासांचे चार निकेल-मेटल हायड्राइड घट एकसरीत जोडले, तर नियंत्रकाचीही गरज उरत नाही. डायोडांचा पूल पुरतो, कारण प्रवाहाची मर्यादा डायनॅमोच राखतो. पाच-साडेपाच तासांच्या प्रवासात, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या हिंडण्यात, ध्वनिमुद्रकाचे दोन संच भरून निघतात. लिथियमच्या घटांना ही रीत मुळीच लावू नये. निकेलचे घटही भरल्यानंतर जोडलेले राहिले तर तापतात व निकामी होतात. म्हणून प्रवासाचे तास पाहणीच्या वहीतच टिपून ठेवावेत आणि मुक्कामी पोचताच जोडणी सोडवावी.