आमची पांदण

पांदण म्हणजे काय, हे शहरातून आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणींना दरवेळी समजावून सांगावे लागते. गावातून शेतशिवाराकडे जाणारी बैलबंडीची वाट म्हणजे पांदण. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात आणि सरकारी कागदात ती शेतरस्ता किंवा गाडीमार्ग होऊन बसते. दोन्ही बाजूंना धुरे, धुऱ्यांवर बोरी-बाभळी, मध्ये चाकांच्या दोन चाकोऱ्या आणि चाकोऱ्यांच्या मधोमध उगवलेले गवत, असे तिचे रूप. मराठीच्या तासाला 'चाकोरीबाहेरचे लेखन' हा शब्द आपण कौतुकाने ऐकतो. पण ज्याने श्रावणात पांदणीतून भरली बंडी हाकली आहे, त्याला चाकोरीबाहेर गेल्यावर काय होते ते चांगले ठाऊक असते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यावर लिहिणारे कापसावर लिहितात, पैनगंगा-वर्धा या नद्यांवर लिहितात. पांदणीवर कोणी लिहीत नाही. वास्तविक या जिल्ह्यातला कापूस बाजारात पोहोचतो तो आधी पांदणीने, मग डांबरी रस्त्याने. इंग्रजांच्या अमदानीत यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी छोट्या रुळांची शकुंतला रेल्वे झाली ती कापसासाठी. तिच्या स्टेशनापर्यंत कापूस नेणाऱ्या बंड्यादेखील कुठल्या ना कुठल्या पांदणीतूनच निघाल्या असतील. आता ती गाडीही थांबली आहे. पांदण मात्र रोज चालू आहे, कारण तिच्यावाचून वावरात जाताच येत नाही.

पांदण बिघडली की काय होते ते आमच्या घरापुरते सांगते. आमचे वावर नाल्यापलीकडे आहे. जून ते सप्टेंबर खताची पोती बंडीने नेता येत नाहीत. ती डोक्यावर न्यावी लागतात, आणि हे काम बहुधा बायांच्या वाट्याला येते. दिवाळीच्या सुमारास वेचणी लागते. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस आला तर वेचलेला कापूस वावरातच पडून राहतो. ओला कापूस पिवळा पडतो आणि व्यापारी त्याचा भाव पाडतो. म्हणजे पांदणीतला चिखल शेवटी पट्टीवर उतरतो. माझ्या मावशीला वावरात साप चावला, तेव्हा तिला बाजेवर घालून चौघांनी फाट्यापर्यंत आणले, कारण त्या दिवशी पांदणीत कोणतेच चाक चालत नव्हते. मावशी वाचली. पण बाज उचलणाऱ्यांपैकी एकाचा पाय गाऱ्यात मुरगळला, तो अजून दुखतो.

हे सारे होते ते आपल्या काळ्या मातीच्या स्वभावामुळे. या मातीत बारीक चिकणकण फार असतात. ते पाणी पितात आणि फुगतात. उन्हाळ्यात हीच माती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती मानवते, पण चाकाला मानवत नाही. ओल्या मातीवरून एक जड चाक गेले की खोल चर पडतो. त्या चरात पाणी साचते, साचलेल्या पाण्याने खालची माती आणखी मऊ होते, आणि दुसरे चाक त्याहून खोल जाते. आमचे आबाजी म्हणतात, "पानी पडलं का बैल घरी, टॅक्टर घरी, अन् मानूसबी घरीच बरा." यात आळस नाही. पाऊस उघडल्यावर दोन दिवस वाट पाहिली तर वरचा थर वाळतो आणि तीच पांदण महिनाभर चांगली चालते. पण एकाने घाई करून त्याच दिवशी ट्रॅक्टर घातला, तर सगळ्या शिवाराची वाट जाते. पांदण वापरण्याचा पहिला नियम हाच, आणि सर्वांत जास्त मोडला जातो तोही हाच.

वाटेवरच्या वागण्याच्या जुन्या रीती आहेत. कोठे लिहिलेल्या नसल्या तरी थोरामोठ्यांना तोंडपाठ असतात. भरल्या बंडीला रिकाम्या बंडीने वाट द्यावी. चढावर येणाऱ्याला उतारावरच्याने थांबून जाऊ द्यावे, कारण चढावर एकदा थांबलेले बैल पुन्हा जोर धरत नाहीत. समोरून ओझे घेतलेली बाई आली तर आपण धुऱ्याकडे सरावे. बंडीत भार भरताना मागे जास्त झाला तर बंडी उलाळ होते आणि बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर सगळा भार त्यांच्या मानेवर येतो. उतारावर कासरा आवरून, बैलांच्या बाजूने पायी चालावे. बंडीवर बसून उतार उतरणे हे पोरवयाचे लक्षण समजतात.

ट्रॅक्टर आल्यावर या रीती अपुऱ्या पडू लागल्या. बंडीला बैलाची समज असते, ट्रॅक्टरला फक्त चालवणाऱ्याची. ट्रॅक्टर गाऱ्यात रुतला की पुष्कळ जण मागच्या चाकांपुढे लाकडाचा ओंडका किंवा दगड अडकवतात आणि जोरात रेस देतात. ही फार धोक्याची गोष्ट आहे. मागची चाके पुढे फिरू शकली नाहीत तर इंजिनाचा जोर सारा ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती उचलतो. पुढची चाके वर येतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. एवढे व्हायला सावरण्यापुरताही वेळ मिळत नाही. त्यापेक्षा ट्रॉली सोडावी, मागच्या मागे ट्रॅक्टर काढून पाहावा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावा. ओढतानाही साखळी खालच्या हुकालाच लावावी, वर कोठेही नाही. दुसरी गोष्ट ब्रेकची. ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, ते नांगरताना वळण्यासाठी. वाटेला लागताना दोन्ही पायटे खटक्याने एकत्र जोडावे लागतात. ते राहून गेले आणि भरल्या ट्रॉलीसह एकाच बाजूचा ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर नाल्यात जायला वेळ लागत नाही. उतारावर खालचा गिअर आधीच टाकून ठेवावा आणि मधे क्लच दाबू नये.

ट्रॉलीत माणसे बसवण्याबद्दल मी लिहिले तर गावात मला लोक हसतील, कारण वेचणीच्या बाया दुसऱ्या कशाने जाणार? तरी लिहिते. कापसाच्या गंजीवर, खताच्या पोत्यांवर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसवू नये. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर सगळ्यांनी खाली उतरावे आणि पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. गुडघाभर वाटणारे पाणी चाकाखालचा मुरूम कधी वाहून नेते ते वरून दिसत नाही. रात्री परतायचे असल्यास बंडीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी आणि एखादा कंदील असावा. पांदण जेथे डांबरी रस्त्याला मिळते त्या तोंडाशीच अपघात होतात, कारण पांदणीतून येणाऱ्याला वेगाची सवय नसते आणि रस्त्यावरून येणाऱ्याला पांदण दिसतच नाही.

जनावरांचेही भय आहे. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीचे प्रकरण झाले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. त्याआधी कितीतरी महिने त्या भागातील लोकांना वावरात एकट्याने जाण्याची धास्ती होती. वाघ नसला तरी रानडुक्कर आहेच. पांदणीच्या दोन्ही बाजू झुडपांनी भरून गेल्या असतील तर समोरचे काही दिसत नाही. म्हणून झुडपे छाटणे हे केवळ वाट रुंद करण्याचे काम नाही.

आता प्रश्न असा, की हे छाटायचे कोणी? पांदण सर्वांची, म्हणून ती कोणाचीच नाही, असा अनुभव येतो. शासनाने कामे केली नाहीत असे नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर आपल्या राज्यात खडी फोडून कितीतरी वाटा झाल्या. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. पण मुरूम टाकून गेलेला रस्ता दरवर्षी राखणारे माणूस योजनेत नसते. ते गावातच लागते. आमच्याकडे आठ-दहा शेतकऱ्यांची एक मंडळी आहे. तिला नाव नाही, शिक्का नाही. मृगाच्या आधी ही मंडळी नाल्या उकरते, खड्ड्यात मुरूम टाकते, फांद्या तोडते. खरे मर्म नालीत आहे. वाट मधे थोडी उंच आणि दोन्ही बाजूंना नाली मोकळी असली तर पाणी वाटेवर थांबत नाही. मुरूम कितीही टाका, नाली बुजलेली असेल तर पहिल्याच मोठ्या पावसात तो गाऱ्यात मिसळतो. नवा मुरूम टाकल्यावर दबई होईपर्यंत जड ट्रॉली नेऊ नये, असेही ही मंडळी सर्वांना विनवून सांगते. काहीजण ऐकतात.

वर्गणीवरून दरवर्षी वाद होतो. एक म्हणतो घरटी घ्या, दुसरा म्हणतो एकरी घ्या. ज्याचे वावर गावाला लागून आहे तो म्हणतो, मी पांदणीत पन्नास पावले चालतो, मी का देऊ? मला वाटते एकरी वर्गणी अधिक न्यायाची, कारण ज्याचा माल जास्त त्याची चाके जास्त. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत त्याने पैशाऐवजी दोन दिवस फावडे घेऊन यावे. ट्रॅक्टरवाल्याने मुरमाच्या चार खेपा टाकाव्या, म्हणजे त्याने मोडले ते त्यानेच भरले असे होईल. वर्गणीचा हिशेब मात्र पारावर वाचून दाखवला पाहिजे. आमच्या मंडळीने तो एक वर्ष दाखवला नाही, तर पुढच्या वर्षी निम्मी वर्गणीही जमली नाही.

श्रमदानाची आपल्या विदर्भाला मोठी परंपरा आहे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाने गावोगाव सामुदायिक श्रमाची सवय लावली. दूर अमेरिका-कॅनडातही असेच काही चालते असे वाचून मला नवल वाटले. तेथे बर्फावर मोटारी चालवतात. १९५९ साली बॉम्बार्डिए नावाच्या कॅनडातील गृहस्थाने 'स्की-डू' ही हलकी गाडी बाजारात आणली आणि मग हौशी लोकांची मंडळे निघाली. ही मंडळे यंत्राने बर्फ दाबून वाटा करतात. पुष्कळ वाटा शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीवरून, त्यांच्या परवानगीने जातात. एखाद्याने वाट सोडून शेतात गाडी घातली तर शेतकरी पुढच्या वर्षी परवानगी देत नाही आणि सर्वांचीच वाट बंद होते. त्यांची हौस आणि आपली भाकरी यांची तुलना होऊ शकत नाही, पण वाट बंद होण्याचे कारण एकच. आपल्याकडेही चिखल चुकवण्यासाठी लोक बाजूच्या पऱ्हाटीतून बंडी घालतात. दोन तास तुडवले की वावरवाला काटे टाकतो, आणि तेथून भांडण सुरू होते.

भांडणात कायदा काय म्हणतो ते गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. मुळात गावाच्या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. नकाशावरची वाट कोणी नांगरून टाकली तरी ती नकाशावरून पुसली जात नाही. वाट नकाशावर नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार चौकशी करून धुऱ्यावरून जाण्याचा हक्क ठरवून देऊ शकतात. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. माणसे एकमेकांशी बोलणे टाकण्यातच हे सहा महिने घालवतात. २०२५ साली शासनाने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा व त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी असा निर्णय घेतला. नोंद झाली म्हणजे वावर विकले गेले तरी वाट टिकते. वाटणीत भावाभावांत पडणाऱ्या भांडणांसाठी ही नोंद मला सर्वांत उपयोगाची वाटते.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. १९६९ पासून देशभर चालणाऱ्या या योजनेच्या शिबिरांत आपण पुष्कळदा शाळेचे आवार झाडतो, भिंती रंगवतो. येत्या शिबिराचे सात दिवस एका पांदणीला द्यावे अशी माझी सूचना मी सरांपुढे ठेवली आहे. सर म्हणाले, आधी गाव निवडा आणि गावकरी किती येतील ते विचारून या. तेव्हा ज्यांच्या गावी अशी मंडळी आहे त्यांनी आपले नाव द्यावे. सोबत भूमी अभिलेख कार्यालयातून काढलेली गावनकाशाची नक्कल आणावी. शिबिर हिवाळ्यात असते, तेव्हा माती कोरडी असल्याने नाल्या खोदायला सोपे जाते. मुरमाची सोय गावाने करायची आहे. फावडी आणि घमेली महाविद्यालयात पंचवीस आहेत, त्यांतली सहा दांड्यावाचून आहेत.