पिंजऱ्यातला ससा : मुका जीव आणि आपली अमानत

ईदीचे पैसे हातात आले की मुलांच्या मागण्या सुरू होतात. कुणाला घड्याळ हवे असते, कुणाला सायकल, आणि एखाद्याला ससा. बाजारातून पांढराशुभ्र ससा लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यासह घरी येतो. पहिले आठ दिवस घरभर त्याचेच कौतुक असते. मग शाळा सुरू होते, पाहुणे येतात, कामे वाढतात आणि पिंजरा ओट्यावरून मागच्या पत्र्याच्या पडवीत जातो. कोंबडी ओरडते, शेळी बें-बें करते, मांजर पायात घुटमळते. ससा मात्र गप्प असतो. त्याचे दुखणे आवाजातून कळत नाही, म्हणून ते घरातल्यांच्या लक्षातही येत नाही.

नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. म्हणजे तिसरीतल्या मुलाने आणलेला ससा तो बारावीला जाईपर्यंत घरात असू शकतो. एवढी वर्षे तो कसा जगणार, हे त्याला आणण्यापूर्वीच ठरवायला हवे.

कोंडले, तर जबाबदारी आपली

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममधील एक हदीस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला सोडलेही नाही. मांजर मेले आणि त्या स्त्रीला त्याची शिक्षा भोगावी लागली. तिने मांजराला मारहाण केल्याचा उल्लेख या हदीसमध्ये नाही. तिचा दोष होता कोंडण्याचा आणि कोंडून विसरण्याचा.

दुसरीकडे हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्या लहानशा पक्ष्याची हदीसही प्रसिद्ध आहे. पैगंबर मुहम्मद (स.) त्या मुलाला पक्ष्याची ख्यालीखुशाली विचारीत. यावरून उलमांनी असे म्हटले आहे की पक्षी किंवा प्राणी घरात पाळणे जायज आहे, पण त्याचे दाणापाणी सांभाळले पाहिजे आणि त्याला त्रास होता कामा नये. परवानगी आणि अट अशा दोन्ही एकाच वेळी आल्या आहेत.

ससा खाणे हलाल आहे, हेही हजरत अनस (रजि.) यांच्याच हदीसवरून बहुतेक फकीहांनी मान्य केले आहे. म्हणून काही जण मांसासाठी ससेपालन करतात. पण जनावर हलाल आहे, एवढ्याने त्याचे हाल करायला मुभा मिळत नाही. जबह करतानाही सुरी धारदार असावी आणि जनावराला आराम द्यावा, अशी शिकवण आहे. मग त्याआधीचे त्याचे सगळे आयुष्य या शिकवणीबाहेर कसे राहील?

रानातला ससा वेगळा

आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण विंचूर-लासलगावच्या शेतांतून उड्या मारत जाणारा भुरा ससा आणि पिंजऱ्यातला ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. रानातला ससा बीळ खणत नाही आणि त्याची पिल्ले डोळे उघडे व अंगावर केस घेऊनच जन्मतात. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. शेतात सापडलेले त्याचे पिल्लू घरी आणून कोंडू नये. बहुतेक वेळा आई जवळपासच असते.

पाळीव ससा मूळचा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांचा वंशज. खणणे, कुरतडणे, मागच्या पायांवर उभे राहून पाहणे, भीती वाटली की लपणे आणि सोबत्याला चिकटून बसणे हा त्याचा स्वभाव आहे. दोन फुटी पिंजऱ्यात यातले एकही करता येत नाही.

जागा किती हवी?

ब्रिटनमधील सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सुचवते. म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेसहा फूट. आकडा ऐकून दचकायला होते. पण एवढा पिंजरा विकत घ्यायची गरज नाही. पडवीचा कोपरा, गच्चीवरची सावलीची जागा किंवा परसातला तुकडा जाळीने बंद केला तरी काम भागते. मातीत ठेवत असाल तर जाळी जमिनीतही पुरा, नाहीतर ससा बोगदा खणून निघून जाईल. कुत्री, मांजरे, मुंगूस यांच्यापासून रात्री पक्का बंदोबस्त हवा.

पिंजरा ठेवायचाच असेल तर तो झोपण्यापुरता असू द्या आणि त्याचे दार रोज काही तास उघडे ठेवा. ससे पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असतात. आपल्या घरात फजरनंतर आणि मगरिबच्या सुमारास जाग असतेच. तीच त्यांना मोकळे सोडण्याची वेळ ठरवा.

तळाच्या तारेकडे लक्ष द्या. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरांसारखी गादी नसते, फक्त केस असतात. सतत तारेवर बसून टाचांना जखमा होतात आणि त्या चिघळतात. निदान अर्ध्या भागात लाकडी फळी टाका, वर वाळलेले गवत पसरा आणि ओले झाले की बदला. लपायला एक खोके द्या. खोक्याला दोन तोंडे असली तर उत्तम.

उन्हाळा : खरा धोका

कांदा साठवायचा असतो तेव्हा आपण चाळ बांधतो. खालून आणि बाजूंनी हवा खेळावी, ऊन आत येऊ नये, याची काळजी घेतो. हवा कोंडली की कांदा सडतो, हे विंचूरच्या लहान मुलालाही माहीत असते. तोच विचार सशासाठी करायचा आहे.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पंधरा ते वीस अंशांच्या हवेत तो सुखात असतो. तीस अंशांपुढे त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशीकडे जातो. तापलेल्या पत्र्याखालचा पिंजरा तेव्हा भट्टी होतो. दुपारी त्याला घरातल्या गार फरशीवर आणा. फुटका माठ आडवा ठेवला तर आत बसायला गार जागा मिळते. पाण्याची बाटली बर्फ करून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगा. तोंड उघडे टाकून धापा, लाळ, गरम कान आणि सुस्ती ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कानांना ओले फडके लावा आणि लगेच डॉक्टर गाठा. अंगावर बर्फाचे पाणी ओतू नका.

निफाड तालुक्यातली थंडीही प्रसिद्ध आहे, पण कोरडे गवत आणि वाऱ्यापासून आडोसा असला तर ससा थंडी सोसतो. त्याला ऊन बाधते तेवढी थंडी बाधत नाही.

कांद्याच्या गावात काय खाऊ घालू नये

घरात सहज मिळते म्हणून कांद्याची पात सशापुढे टाकली जाते. कांदा, पात आणि लसूण सशाला विषारी आहेत. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे नष्ट होतात. टोमॅटो-बटाट्याची पानेही नकोत. द्राक्षे गोड असल्यामुळे एखाद-दुसराच मणी पुरे, आणि फवारणी केलेल्या वेलीचा पाला अजिबात नको.

सशाचे मुख्य अन्न गाजर नाही, वाळलेले गवत आहे. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि चरबरीत गवत चावूनच झिजतात. पोटही त्याच्याच जोरावर चालते. म्हणून गवत दिवसरात्र समोर हवे. आपल्याकडचा लसूणघास नावाने लसूण असला तरी सशाला चालतो, पण वाढत्या पिल्लांना जास्त आणि मोठ्यांना थोडाच, कारण त्यात चुना फार असतो. हराळी, कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला धुऊन द्या. चपाती, पाव, बिस्किटे देऊ नका. पाण्यासाठी जड मातीचे किंवा चिनी मातीचे भांडे ठेवा. रमजानमध्ये सहरीला उठलात की त्याचेही पाणी बदला.

जोडी, पिल्ले आणि आजारपण

एकटा ससा झुरतो, पण नर-मादी एकत्र ठेवली तर हिशेब हाताबाहेर जातो. मादी चार-पाच महिन्यांत वयात येते, गर्भ सुमारे ३१ दिवसांचा असतो आणि वीण झाल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून शस्त्रक्रिया करून घ्या किंवा दोन माद्या लहानपणापासून एकत्र वाढवा.

मुलांना एक गोष्ट घट्ट शिकवा, ती म्हणजे सशाला कानांना धरून उचलायचे नाही. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. लोंबकळताना त्याने जोरात लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. त्याहून चांगले म्हणजे जमिनीवर बसावे आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यावे.

ससा बारा तास काही खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील, तर उद्यावर ढकलू नका. घरातली ॲमॉक्सिसिलिनसारखी गोळी देऊ नका, ती त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीचा फिप्रोनिलयुक्त गोचीडनाशक फवाराही त्याच्यावर मारू नका.

कायदा आणि हिशेब

हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणे, त्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. युरोपात पिंजरे बंद करण्याच्या मागणीवर सुमारे १४ लाख नागरिकांनी सह्या केल्या आणि त्या मागणीत ससेही होते. २०२१ साली युरोपीय आयोगाने २०२३ अखेरपर्यंत कायद्याचा प्रस्ताव आणण्याचे आश्वासन दिले, पण ठरल्या वेळी तो आला नाही. आपल्याकडे कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये लिहिलेला आहे.

पन्नास रुपयांच्या भीतीने कुणी पिंजरा मोठा करणार नाही. पण एका अन्सारीच्या बागेत रडणाऱ्या उंटाला पाहून पैगंबर (स.) यांनी त्याच्या मालकाला अल्लाहची भीती बाळगायला सांगितले होते, कारण तो त्याला उपाशी ठेवत होता आणि राबवत होता. अबू दाऊदच्या संग्रहात ही हदीस आहे. तो मालक काही परका माणूस नव्हता, चांगल्या घरातलाच होता.

तेव्हा मुलाने ससा मागितला, तर आधी जागा, गवत, दुपारची सावली आणि जवळचा पशुवैद्य यांची चौकशी करा. जमणार नसेल तर नाही म्हणा, त्यातही रहमतच आहे. आणि ससा घरात आधीच असेल, तर आज संध्याकाळी पिंजऱ्याच्या तळाला फळी टाका, भांड्यात ताजे पाणी भरा आणि मगरिबनंतर दार उघडा.