चांदीपुरा ज्वर व भिंतींतील भेगा

सन १९६५ मध्यें नागपुरांत तापाची सांथ चालू असतां पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांस रुग्णांच्या रक्तांत एक नवा विषाणु आढळला. नागपूरजवळच्या गांवावरून त्यास ‘चांदीपुरा’ हें नांव मिळालें. पुढें २००३ सालीं आंध्र प्रदेशांत मेंदुज्वराच्या सांथींत ३२९ मुलें आजारी पडून १८३ दगावलीं, तेव्हां त्याचें उग्र स्वरूप कळून आलें.

ह्याचा प्रसार वाळूमाशी करते. ती डांसाहूनही लहान असल्यामुळें साध्या मच्छरदाणींतून आंत शिरते, आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलसर जागीं वाढते. ह्या रोगावर खास औषध वा लस नाहीं. म्हणून सारी भिस्त प्रतिबंधावर. आरोग्यखातें कीटकनाशक फवारतें, परंतु भेगा लिंपणें, शेणकचरा दूर टाकणें आणि मुलांस अंगभर वस्त्र घालून निजविणें हें घरच्यांचेंच काम होय. आपल्या चोपडें तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

मुलास एकाएकीं तीव्र ताप, वांत्या वा झटके आल्यास अंगारेधुपारे करण्यांत रात्र दवडूं नये. हा रोग एकदोन दिवसांतच घात करतो. भेग बुजविण्यास थोडा गारा पुरतो. उशीर झाल्यावर मात्र मोठें इस्पितळही कित्येकदां अपुरें पडतें.